उबुंटूचं अपग्रेड अर्ध्यात अडकलं, वाचनालयाचा लॅपटॉप सुरूच होत नाही

खाडीपलीकडची
नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात खाडीकाठच्या गावात आमचं सार्वजनिक वाचनालय आहे, 'क' वर्गातलं. तिथल्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू २२.०४ (लिनक्सवरची सिस्टिम) होतं आणि उत्तम चालत होतं. काल दुपारी २४.०४ चं अपग्रेड लावलं. सगळं डाउनलोड झालं, पॅकेजेस (सिस्टिमचे सुटे भाग) बसायला लागली, आणि परतीच्या पावसाचा गडगडाट सुरू होऊन लाईट गेली. वाचनालयात इन्व्हर्टर नाही. लॅपटॉप एका चाकरमान्याने भेट दिलेला, बॅटरी जुनी. लाईट यायच्या आत यंत्र बंद पडलं.

आता चालू केलं की जांभळा पडदा येतो, मग काळ्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं भराभर धावतात आणि सगळं गोठतं. हार्डडिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासफ्रेजने कुलूपबंद आहे. आधी सुरुवातीलाच पासफ्रेज विचारायचा, आता तोही विचारत नाही.

आत दाखल नोंदवही, सभासदांची वर्गणी, देवघेव, सगळं लिबरऑफिस कॅल्कमध्ये आहे. पेनड्राइव्हवर प्रत आहे पण चतुर्थीच्या आधीची. त्यानंतर देणगीत आलेल्या पुस्तकांच्या नोंदी फक्त लॅपटॉपवर आहेत. तालुक्याला दाखवलं तर "फॉरमॅट मारून दुसरी सिस्टिम टाकून देतो" असं उत्तर मिळालं. खरंच फॉरमॅटशिवाय इलाज नाही का?

चाकरमानी_डोंबिवली
ताई, स्पष्ट सांगतो. अर्धवट अपग्रेडच्या नादी लागू नका. लाइव्ह पेनड्राइव्हने (ज्यावरूनच उबुंटू सुरू होतं असा) डेटा काढा आणि २४.०४ नव्याने टाका. तासाभरात मोकळ्या व्हाल. अर्धं जुनं, अर्धं नवं असलेली सिस्टिम दुरुस्त झाली तरी पुढे कुठे काय बिघडेल सांगता येत नाही.

टर्मिनलतात्या
एक मिनिट. फॉरमॅटचा निर्णय आत्ता घेऊ नका. दोन गोष्टी सांगा:
गोठलेल्या पडद्यावर शेवटच्या काही ओळींत काय लिहिलंय? फोटो काढून अक्षरन् अक्षर इथे लिहा.
जांभळा पडदा दिसतो तेव्हा यादी येते का? नसेल तर यंत्र चालू करताना एस्केपचं बटण दाबून बघा, फार जुनं यंत्र असेल तर शिफ्ट.

पासफ्रेज विचारत नाही हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. त्यावरून मला एक अंदाज आलाय.

बंदरावरचो
ताय, घाबरा नको. आमच्याकडे ढग नुसतो गडगडलो तरी लाईट जाता. माझो लॅपटॉप पण असोच अर्ध्यार बंद पडलेलो, नंतर बरो झालो. तात्या सांगतत तसा कर, आणि दर टायमाक फोटो काढून ठेव.

सड्यावरची
वाचनखूण साठवली. आमच्या राजापुरातल्या शाळेतही २२.०४ आहे, आम्हालाही हे करायचंच आहे.

खाडीपलीकडची
तात्या, शेवटून दुसरी-तिसरी ओळ अशी आहे: "कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)".

एस्केप दाबल्यावर यादी आली. वर "उबुंटू", खाली "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू". त्यात शिरल्यावर तीन वेगवेगळ्या आकड्यांच्या ओळी आणि प्रत्येकीची "रिकव्हरी मोड" अशी जोडओळ.

टर्मिनलतात्या
अंदाज बरोबर निघाला. आता जरा सविस्तर लिहितो, कारण हे कळलं की निम्मी भीती जाते.

यंत्र सुरू होताना ग्रब (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) आधी कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, उचलतो आणि त्याच्यासोबत इनिटरामएफएस नावाची एक फाईल मेमरीत आणतो. हार्डडिस्क ओळखायची कशी, एन्क्रिप्शन उघडायचं कसं, पासफ्रेज विचारायचा कसा, हे सगळं त्या फाईलमध्ये असतं. ती नसेल तर कर्नलला डिस्क दिसतच नाही. मग तो "अननोन-ब्लॉक(०,०)" म्हणतो आणि थांबतो. म्हणून तुम्हाला पासफ्रेजचा प्रश्न येत नाही. विचारणाराच जागेवर नाही.

काल काय झालं असावं: अपग्रेडने नवा कर्नल बूट विभागात उलगडून ठेवला. ग्रबने आपली यादी नवी केली, त्यात हा कर्नल सर्वांत वर आला. त्याची इनिटरामएफएस फाईल मात्र शेवटाकडे बनते, आणि त्याआधी लाईट गेली. म्हणजे तुमची डिस्क शाबूत आहे, एन्क्रिप्शन शाबूत आहे, नोंदवहीसुद्धा आपल्या जागी असणार. ईएक्सटी४ ही जर्नल ठेवणारी फाईलसिस्टिम आहे, अचानक वीज गेली तर पुढच्या सुरुवातीला ती स्वतःच सावरून घेते.

दुसरं. डेबियन-उबुंटूत पॅकेज बसवणारा डीपीकेजी १९९४ पासून चालत आलाय आणि तो प्रत्येक पॅकेजची अवस्था लिहून ठेवतो: उलगडलं, अर्धं जुळवलं, पूर्ण बसलं. त्यामुळे काम कुठवर आलं होतं हे त्याला वीज गेल्यावरही माहीत असतं आणि तिथून पुढे जाता येतं. अर्धं घर शाकारून झालं आणि पाऊस आला तर आपण उरलेली कौलं चढवतो, घर पाडत नाही. तेच इथे करायचं.

पहिली पायरी: ॲडव्हान्स्डच्या यादीत सर्वांत मोठा आकडा सोडून त्याखालचा कर्नल निवडा. रिकव्हरी नको, साधी ओळ. पासफ्रेज विचारला तर अर्धी लढाई जिंकलीत.

चाकरमानी_डोंबिवली
तात्या, समजावलंत छान, पण मी असहमतच. २२.०४ मधली ग्लिबसी (जवळपास सगळे प्रोग्रॅम्स जिच्यावर टेकतात ती लायब्ररी) २.३५ आणि २४.०४ मधली २.३९. मधल्या अवस्थेत कुठलं पॅकेज कुणावर टेकलंय ते तुम्ही इथे बसून बघू शकत नाही. वाचनालयाचं यंत्र आहे, ताईंना उद्या सकाळी ते चालू हवंय.

टर्मिनलतात्या
@डोंबिवली, नवी ग्लिबसी जुन्या प्रोग्रॅम्सना चालवते, उलटं होत नाही. म्हणूनच अपग्रेडमध्ये ती सुरुवातीलाच बसते. आणि वेळेचंच म्हणाल तर नव्याने टाकायचं म्हणजे साधारण ६ जीबीची फाईल उतरवायची. देवगडच्या खाडीकाठी मोबाईल नेटवर ती किती वेळात उतरेल? त्यांची सगळी पॅकेजेस ऑलरेडी लॅपटॉपवर उतरलेली आहेत.

दापोलीकर_मास्तर
दोघांचंही ऐकलं. पण कर्नल, ग्लिबसी सगळं नंतर. आधी डेटा बाहेर.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा आमच्या गावात कित्येक आठवडे वीज नव्हती. शाळेच्या संगणकावर छपराचं पाणी आलं. यंत्र गेलं त्याचं काही वाटलं नाही, दुसरं मिळालं. पण मुलांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून टाईप केलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यात होत्या. सांगणाऱ्यांतल्या काही आजी आज हयात नाहीत. त्या ओव्या आता कुणाकडेच नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो.

ताई, कुणाकडे उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह असेल तर तो लावा. नसेल तर ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, ज्याच्याकडे चांगलं नेट आहे त्याच्याकडून बनवून घ्या. त्यावरून सुरू करून "ट्राय उबुंटू" निवडा. "इन्स्टॉल"ला हात लावायचा नाही. फाईल्समध्ये डावीकडे तुमची एन्क्रिप्टेड डिस्क कुलपाच्या चिन्हासह दिसेल. तिच्यावर क्लिक केलं की पासफ्रेज विचारते, मग होम फोल्डर उघडून सगळं दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. परवानगी नाही म्हणालं तर टर्मिनलमधून "सुडो सीपी -आर" वापरा. कॉपी झाल्यावर ती फाईल तिथेच उघडून बघा, नुसतं नाव दिसलं म्हणजे काम झालं असं नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवर लिबरऑफिस नसलं तर दुसऱ्या संगणकावर उघडा.

सड्यावरची
मास्तर, ओव्यांचं वाचून वाईट वाटलं. पुन्हा जमवता येतील का काही? आमच्याकडे अजून म्हणणाऱ्या दोघीतिघी आहेत.

दापोलीकर_मास्तर
जरूर. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

खाडीपलीकडची
मास्तर, तसंच केलं. शेजारच्या गावातल्या एका मुलाकडे लाइव्ह पेनड्राइव्ह होता. पासफ्रेज घेतला, होम उघडलं, नोंदवही निघाली! दुसऱ्या संगणकावर उघडून बघितली, परवाच्या नोंदीसकट आहे. जीव भांड्यात पडला. सगळ्यांचे आभार.

मग तात्यांनी सांगितलेला जुना कर्नल निवडला. पासफ्रेज विचारला! नंतर मात्र काळा पडदा आणि डाव्या कोपऱ्यात एक रेघ. लॉगिनचं चित्र येत नाही.

कुडाळचा_दुरुस्तीवाला
अभिनंदन ताई. तात्या पुढचं सांगतीलच, मी हार्डवेअरचं बोलतो.

या भागात लॅपटॉप दुरुस्तीला येतात त्यात बॅटरी गेलेले सर्वांत जास्त. लोकांना कळत नाही कारण चार्जर लावलेला असतो. लिनक्सवर "यूपॉवर -डी" कमांड दिली की बॅटरीची माहिती येते. त्यात "एनर्जी-फुल-डिझाइन" म्हणजे नवी असताना किती भरायची आणि "एनर्जी-फुल" म्हणजे आता किती भरते. खाली कपॅसिटी टक्क्यांत असते. ती पन्नाशीच्या खाली आली की मोठ्या कामाला त्या बॅटरीवर भरवसा ठेवू नका.

दुसरं, खारी हवा. खाडीकाठी चार्जरच्या पिनेला, यूएसबी पोर्टला हिरवट थर चढतो. चार्जर लावलाय असं दिसतं आणि चार्जिंग होत नसतं. पावसाळ्यात रोज थोडा वेळ यंत्र चालू ठेवा, आतल्या उबेने दमट हवा बसत नाही. महिनाभर कपाटात बंद ठेवलेला लॅपटॉप ऑक्टोबरात हमखास माझ्याकडे येतो.

चाकरमानी_डोंबिवली
तांदळाच्या डब्यात ठेवायचं का मग? आई मोबाईल ठेवते.

कुडाळचा_दुरुस्तीवाला
नको. तांदळाची पूड पंख्यात जाते. नव्या चपला-बॅगांत सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्या जमवून लॅपटॉपच्या बॅगेत टाका. तांदूळ आईला भाताला ठेवू दे.

बंदरावरचो
आणि भातासोबत माशाची कढी. बाकी काय नको.

टर्मिनलतात्या
ताई, काळ्या पडद्याची काळजी नको. चित्र दाखवणारा भाग अजून जुळवलेला नाही, एवढंच. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. "लॉगिन" असा शब्द येईल. नाव आणि पासवर्ड द्या. पासवर्ड टाईप करताना काहीच दिसत नाही, ते तसंच असतं.

चार्जर लावलेला आहे आणि लाईट आहे हे बघा. गडगडत असेल तर आज राहू दे, उद्या करा.

मग पुढची कमांड. मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, तुम्ही इंग्रजी अक्षरांत टाईप करा:
सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

उलगडलेली पण जुळवायची राहिलेली सगळी पॅकेजेस ही कमांड एकामागून एक जुळवते. बऱ्याच ओळी धावतील. मध्ये एखाद्या फाईलबद्दल "तुमची ठेवू की नवी घेऊ" असा प्रश्न येईल. तुम्ही हाताने काही बदललं नसेल तर नुसतं एंटर दाबा, म्हणजे आहे ती राहते.

खाडीपलीकडची
बऱ्याच ओळी धावल्या, मग अडकलं. शेवटी असं:
"अपडेट-इनिटरामएफएस: जनरेटिंग..." आणि त्याखाली "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस". मग "एरर्स वेअर एन्काउंटर्ड व्हाइल प्रोसेसिंग" आणि कर्नलचं नाव.
पण हार्डडिस्क तर निम्मी रिकामी आहे!

गुहागरचो_पोरगो
सोपं आहे. बूट फोल्डरमध्ये जुने कर्नल भरलेत. "सुडो आरएम" करून बूटमधलं जुनं सगळं उडवा, जागा होईल.

टर्मिनलतात्या
ताई, ही कमांड देऊ नका!

@गुहागर, राग मानू नकोस, पण हे फार धोक्याचं आहे. या घटकेला ताईंचं यंत्र ज्या कर्नलवर चालू आहे तो जुनाच आहे. तो उडाला की पुढच्या वेळी सुरू व्हायला काहीच उरणार नाही. अडकलेल्या माणसाला "आरएम" सुचवताना नेमकी फाईल सांगितल्याशिवाय सुचवू नये, कधीच.

गुहागरचो_पोरगो
बरोबर तात्या. माझ्याकडे बूट वेगळा विभाग नाही, त्यामुळे हा विचार डोक्यात आला नाही.

टर्मिनलतात्या
हो, तिथेच मेख आहे. डिस्क एन्क्रिप्ट करताना उबुंटू बूटसाठी वेगळा, छोटा आणि उघडा विभाग ठेवतं, कारण ग्रबला कर्नल उचलताना कुलूप आड यायला नको. मोठी डिस्क निम्मी रिकामी असली तरी हा छोटा कप्पा भरू शकतो. तीन कर्नल, प्रत्येकाची इनिटरामएफएस, आणि वीज गेली तेव्हा अर्धी लिहिली गेलेली एखादी फाईल.

ताई, आता असं करा:
"युनेम -आर" द्या. जो आकडा येईल तो कागदावर लिहा. हा चालू कर्नल, याला हात लावायचा नाही.
"डीएफ -एच /बूट" द्या, किती भरलंय ते कळेल.
"एलएस -एलएच /बूट" द्या आणि "इनिटआरडी.आयएमजी" ने सुरू होणाऱ्या सगळ्या फाईल्सची (याच त्या इनिटरामएफएसच्या) नावं आणि आकार इथे लिहा.

खाडीपलीकडची
बूट १०० टक्के भरलेलं आहे.
इनिटआरडीच्या फाईल्स: चालू कर्नलची एक, त्याहून जुन्या कर्नलची एक, आणि चालू कर्नलच्याच आकड्याची पण शेवटी ".न्यू" असलेली एक. नव्या कर्नलच्या नावाची एकही नाही.

टर्मिनलतात्या
झकास, सगळं उलगडलं. ती ".न्यू" म्हणजे अर्धवट राहिलेली फाईल. इनिटरामएफएस आधी ".न्यू" नावाने लिहिली जाते, पूर्ण झाली की तिचं नाव बदलतं. लाईट नेमकी त्या वेळी गेली. ही फाईल निरुपयोगी आहे.

आपण काहीच डिलीट करायचं नाही, फक्त हलवायचं. "सुडो एमव्ही" ने ती ".न्यू" फाईल आणि सर्वांत जुन्या कर्नलची इनिटआरडी, या दोन्ही तुमच्या होम फोल्डरमध्ये ठेवा. चालू आकड्याची पूर्ण फाईल तिथेच राहू दे. टाईप केलेलं नाव कागदावरच्या आकड्याशी ताडून मगच एंटर.

मग पुन्हा डीपीकेजीची तीच कमांड.

सड्यावरची
मी श्वास रोखून वाचतेय.

दापोलीकर_मास्तर
मीही. भात करपला.

खाडीपलीकडची
झालं! या वेळी अडकलं नाही. "अपडेट-इनिटरामएफएस: जनरेटिंग" नंतर नव्या कर्नलचं नाव आलं, मग ग्रबच्या ओळी. एका फाईलबद्दल विचारलं, एंटर दाबलं. शेवटी परत रिकामी ओळ. आता?

टर्मिनलतात्या
आता उरलेली पॅकेजेस. यंत्र अजून बंद करू नका. आधी "सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल". मग "सुडो एपीटी अपडेट" आणि "सुडो एपीटी फुल-अपग्रेड". यातल्या अपडेटला थोडं नेट लागेल.

फुल-अपग्रेड हो-नाही विचारायच्या आधी एक ओळ दाखवतं: "नीड टू गेट" अमुक. उतरवलेली पॅकेजेस व्हार-कॅश-एपीटी-आर्काइव्ह्जमध्ये पडून असतात, त्यामुळे हा आकडा लहान असेल. तो जीबीत दिसला किंवा "काढून टाकणार"च्या यादीत उबुंटू-डेस्कटॉपचं नाव दिसलं तर "एन" दाबा आणि इथे लिहा.

खाडीपलीकडची
वायफाय दिसत नाही इथे. काळ्या पडद्यावर जोडायचं कसं?

सड्यावरची
हे मी सांगते! आमच्याकडे तर रेंजच सड्यावर जाऊन मिळते, त्यामुळे हे कायम करते. मोबाईल यूएसबी केबलने लॅपटॉपला लावा. मोबाईलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटजवळ "यूएसबी टेदरिंग" असतं, ते चालू करा. लॅपटॉपला ते वायरचं नेट वाटतं, वायफायचा ड्रायव्हर लागतच नाही. केबल मात्र डेटावाली हवी, काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात. "एनएमसीएलआय डिव्हाइस" दिलं की "कनेक्टेड" दिसतं.

टर्मिनलतात्या
+१. सड्यावरचीने नेमकं सांगितलं. काही वायफायचे ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने बांधावे लागतात, ते काम अर्धं राहिलं की वायफाय गायब होतं. फुल-अपग्रेडमध्ये ते बहुतेक आपोआप होईल.

कोकणकन्या_बोगी
अवांतर: आमच्या वाचनालयात 'कोहा' लावायचं चाललंय. खास ग्रंथालयांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर, न्यूझीलंडमध्ये बनलं, २००० पासून वापरात आहे. डेबियन-उबुंटूवर चालतं. कॅल्कच्या शीटमधून नोंदी त्यात नेता येतात. ताईंच्या वाचनालयाला उपयोगी पडेल असं वाटतं.

खाडीपलीकडची
@कोकणकन्या, आधी लॅपटॉप उभा राहू दे, मग नक्की विचारते. आमच्याकडे पुस्तकं थोडी, पण दाखल क्रमांक आणि विषयवार यादी वार्षिक अहवालाला लागते, ती दर वेळी हाताने जुळवते.

तात्या, "नीड टू गेट" पुढे काही एमबीच आले. "वाय" दाबलंय. ओळी धावतायत. लाईट आहे. बाहेर ऊन आहे!

बंदरावरचो
ऊन आसा तवसर सगळा आटपून घे गो ताय.

खाडीपलीकडची
मंडळी, लॅपटॉप चालू झाला!

रीबूट केलं, यादीत हात न लावता सुरू झाला, पासफ्रेज विचारला, लॉगिनचं चित्र आलं. "अबाउट"मध्ये उबुंटू २४.०४ लिहिलंय. वायफाय आपोआप जोडलं गेलं. नोंदवही उघडली, सगळं जागच्या जागी. आज संध्याकाळी वाचनालय उघडल्यावर पहिली देवघेव त्यावरच करणार. तालुक्याला फॉरमॅट करून आणला असता तर परत मांडणी करण्यात आठवडा गेला असता.

दोन शंका आहेत. मराठी कीबोर्ड यादीत दिसत नाही. आणि लिबरऑफिससाठी मी एक वेगळा पीपीए (पॅकेजेसचा बाहेरचा साठा) जोडला होता, तो बंद झालेला दिसतो. परत चालू करू का?

टर्मिनलतात्या
मनापासून अभिनंदन! तुम्ही प्रत्येक ओळ जशीच्या तशी लिहिलीत म्हणून हे झालं. आता "सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज" द्या, जुने कर्नल रीतसर निघतील. नंतर होममध्ये हलवलेल्या त्या दोन फाईल्स काढल्यात तरी चालेल.

चाकरमानी_डोंबिवली
ताई, अभिनंदन. तात्या, या केसमध्ये तुमचं बरोबर ठरलं हे मान्य. पण माझं मत मी बदलणार नाही. ज्याच्या सिस्टिमवर ग्राफिक्सचे बाहेरचे ड्रायव्हर आणि दहा ठिकाणचे पीपीए आहेत त्याने नव्यानेच टाकावं. ताईंचं यंत्र साधं होतं म्हणून निभावलं. आणि प्रत्येकाने टाइमशिफ्ट नावाचं सॉफ्टवेअर लावून अपग्रेडआधी स्नॅपशॉट (सिस्टिमची त्या वेळची प्रत) घ्यावा, मग हा वादच उरत नाही.

टर्मिनलतात्या
टाइमशिफ्टबद्दल शंभर टक्के सहमत. फक्त ते मुळात सिस्टिमच्या फाईल्ससाठी आहे, होम फोल्डर आपणहून त्यात घेत नाही. ती प्रत वेगळी ठेवायची.

मोडीवाला
मराठी कीबोर्डचं मी सांगतो. सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेसमधलं अधिकचं चिन्ह, तिथे मराठी शोधा. यादीत नुसता साधा लेआउट दिसला आणि फोनेटिक किंवा इतर प्रकार हवे असतील तर "आयबस-एम१७एन" पॅकेज टाका, लॉगआउट करून परत या. इनस्क्रिप्ट येत असेल तर तेच वापरा, भारतीय भाषांना सगळीकडे एकच मांडणी, हाताला वळण लागलं की वेग येतो.

एक तपासा: नोंदवहीत "दर्‍या", "सुर्‍या" अशी अर्ध्या र ची आडवी रेघ नीट दिसते का? फॉन्ट बदलला गेला तर ती रफारासारखी दिसते. मूळ मजकूर बिघडलेला नसतो, फॉन्ट बदलला की सरळ होतं.

खाडीपलीकडची
आला कीबोर्ड! आणि "तर्‍हा" नीट दिसतंय, लगेच शोधून बघितलं.

वेंगुर्ल्याचा_रात्रपाळी
उशिरा आलो. माझ्याकडे हेच झालंय पण जुना कर्नलही पॅनिक होतो. आता?

टर्मिनलतात्या
मग लाइव्ह पेनड्राइव्हवरून सीएचरूट करावं, म्हणजे तिथून तुमच्या सिस्टिमच्या आत शिरावं लागेल. तुमची डिस्क माउंट करायची, बूट आणि ईएफआयचे विभाग त्यांच्या जागी माउंट करायचे, डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे "माउंट --बाइंड" ने आत न्यायचे, मग "सीएचरूट". आत गेल्यावर सगळं ताईंनी केलं तसंच.

डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर एक जागा अशी आहे जिथे भलेभले अडकतात. "क्रिप्टसेटअप ओपन" करताना डिस्कला जे नाव द्याल ते तुमच्या ईटीसीमधल्या क्रिप्टटॅब फाईलमधल्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. फाईल मॅनेजरमधून उघडली तर तो स्वतःचंच लांबलचक नाव देतो. नाव जुळलं नाही तर इनिटरामएफएस कुरकुर न करता बनल्यासारखी वाटते, पण पासफ्रेज विचारणारा भाग आत येत नाही. म्हणून आधी एकदा उघडा, क्रिप्टटॅब वाचा, बंद करा, आणि त्याच नावाने परत उघडा.

तुमच्या पडद्यावरच्या ओळी घेऊन वेगळा धागा काढा, मी येतो तिथे.

वेंगुर्ल्याचा_रात्रपाळी
काढतो. डेटा आधी बाहेर घेतलाय, मास्तर.

दापोलीकर_मास्तर
शाब्बास.

सड्यावरची
आम्ही शाळेचं जानेवारीत करणार. तोवर लाईटही बरी असते आणि आंब्याची गडबडही नसते. २२.०४ ला २०२७ पर्यंत अपडेट्स आहेत, त्यामुळे आत्ता वादळी पावसात घाई नको असं ठरवलंय. कुडाळवाल्यांनी सांगितलेली बॅटरीची कमांड दिली, कपॅसिटी ३८ टक्के आली! आधी बॅटरी बदलणार.

कुडाळचा_दुरुस्तीवाला
बॅटरी घेताना मागच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर फोटो काढून आणा. मॉडेल एकच असलं तरी बॅटऱ्या दोन-तीन प्रकारच्या असतात.

टर्मिनलतात्या
ताई, पीपीएचं राहिलंच. अपग्रेड करताना उबुंटू बाहेरचे सगळे सोर्स मुद्दाम बंद करतं, ते बरोबरच आहे. तुमचा पीपीए परत चालू करू नका. २२.०४ मध्ये लिबरऑफिस ७.३ होतं म्हणून तुम्हाला तो लागला असेल, २४.०४ मध्ये मुळातच २४.२ आहे. "एपीटी पॉलिसी लिबरऑफिस-कॅल्क" देऊन बघा, कुठली आवृत्ती बसलीय ते कळेल.

खाडीपलीकडची
बघितलं, २४.२ आहे. पीपीए काढून टाकला. @कोकणकन्या, आता कोहाचं सांगा, शीटमध्ये रकाने कुठल्या क्रमाने लावून ठेवू?